इंजिन बोटीबाहेर काढताना : स्टर्नड्राइव्हकडून आउटबोर्डकडे

जुन्या स्टर्नड्राइव्ह बोटीतली सर्वांत महाग वस्तू इंजिन असते, पण बोट तरंगत राहणार की नाही हे बरंचसं एका रबरी भात्यावर ठरतं. या रचनेत मोटारीच्या जातीचं जड इंजिन बोटीच्या आत, मागच्या उभ्या भिंतीला खेटून बसवलेलं असतं. या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. तिला एक मोठं भोक पाडून फिरता दांडा बाहेर काढलेला असतो आणि बाहेरच्या बाजूला पंख्याचा (प्रोपेलरचा) पाय लटकत असतो. हा पाय डावी-उजवीकडे वळतो, वर-खाली होतो. म्हणून मधला सांधा लवचीक लागतो, आणि त्या सांध्यात पाणी जाऊ नये म्हणून त्यावर घड्याघड्यांचा रबरी भाता चढवलेला असतो. भोक पाण्याच्या पातळीखाली असतं. रबर ऊन, खारं पाणी आणि रोजच्या वळण्याने तडकत जातं, त्यावर शंखशिंपले चिकटले तर घड्या कापल्या जातात. भाता फाटला की समुद्र सरळ इंजिनाच्या खणात येतो.

एवढं असूनही ही रचना वाईट नव्हती. १९५९ मध्ये व्होल्वो पेंटा कंपनीने ‘अ‍ॅक्वामॅटिक’ या नावाने ती बाजारात आणली. अमेरिकी अभियंता जिम विन याच्या कल्पनेतून ती उभी राहिली होती. त्या काळातली आउटबोर्ड, म्हणजे पंख्यासकट अख्खी ट्रान्समबाहेर टांगलेली, इंजिनं टू-स्ट्रोक होती. सिलिंडरमध्ये आलेल्या पेट्रोलचा मोठा भाग न जळताच धुराबरोबर पाण्यात जायचा. उलट मोटारीचं इंजिन दमदार, तेलाला काटकसरी आणि सहज मिळणारं. ते बोटीत बसवायचं आणि फक्त पंखा बाहेर ठेवायचा, हा तोडगा त्या वेळी खरोखर हुशारीचा होता. पुढे पारडं फिरलं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ मध्ये आउटबोर्डच्या धुरावर कडक मर्यादा घातल्या, आणि जुनी टू-स्ट्रोक मागे पडून फोर-स्ट्रोक पुढे आली. आज २०० अश्वशक्तीचं आउटबोर्ड सुमारे २२० किलोत बसतं. त्याच ताकदीच्या जवळपासचं व्ही-सिक्स (सहा सिलिंडरचं) स्टर्नड्राइव्ह, पायासकट, ४०० किलोच्या घरात जातं.

आउटबोर्डमध्ये इंजिनाचा मुख्य दांडाच उभा असतो. ताकद सरळ खाली उतरते आणि तळाशी एकदाच काटकोनात वळून पंख्याला मिळते. स्टर्नड्राइव्हमध्ये तीच ताकद आधी आडवी बाहेर येते, मग काटकोनात खाली वळते, मग पुन्हा काटकोनात मागे. म्हणजे गिअरचा एक अख्खा जोड जास्त, शिवाय तो लवचीक सांधा. आउटबोर्ड वापर संपला की पूर्ण पाण्याबाहेर उचलता येतं, त्यामुळे गंज आणि शेवाळ दोन्ही कमी. मला याहून मोठा वाटतो तो आगीचा मुद्दा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. बंद खणात गळती झाली तर ती तळाशी साचते आणि एखाद्या ठिणगीची वाट पाहत राहते. म्हणूनच स्टर्नड्राइव्ह चालू करण्याआधी काही मिनिटं ब्लोअरने (हवा ओढणाऱ्या विजेच्या पंख्याने) खणातली हवा बाहेर काढावी लागते. इंजिन उघड्यावर आलं की हा धोका बराच घटतो. टाकी आणि तिच्या नळ्या बोटीतच राहतात, म्हणून तो संपत मात्र नाही.

आता जुनं स्टर्नड्राइव्ह काढून त्याच बोटीला आउटबोर्ड लावायचं, तर आधी तोलाचा प्रश्न. आतलं वजन मागे, भिंतीच्याही पलीकडे टांगलं तर बोट मागून बसणार नाही का? हे हिशेबानेच पाहू या, कारण अंदाज इथे हमखास चुकतो. सहा मीटरची बोट घ्या. पाण्यावर ती पुढे-मागे ज्या बिंदूभोवती झुकते, तो ट्रान्समच्या २.४ मीटर पुढे आहे असं धरू. ३२० किलोचं इंजिन ट्रान्समच्या ०.६ मीटर पुढे होतं, म्हणजे त्या बिंदूपासून १.८ मीटर. गुणाकार ५७६. बाहेरचा पाय ८० किलोचा, अंतर २.७ मीटर, गुणाकार २१६. एकूण ७९२. आता २२० किलोचं आउटबोर्ड थेट ट्रान्समवर टांगलं आणि त्याचं वजन भिंतीच्या ०.३ मीटर मागे धरलं, तर २२० गुणिले २.७, म्हणजे ५९४. बोट मागून दबण्याऐवजी हलकी झाली! तेच आउटबोर्ड ६० सेंटीमीटर लांबीच्या ब्रॅकेटवर, म्हणजे ट्रान्समला मागून जोडलेल्या बैठकीवर, बसवलं तर अंतर ३.३ मीटर होतं. इंजिनाचे ७२६, ५० किलोच्या ब्रॅकेटचे १३५, मिळून ८६१. जुन्यापेक्षा ६९ जास्त. प्रत्येकी २५ किलोच्या दोन बॅटऱ्या १.४ मीटर पुढे सरकवल्या की ७० वजा होतात आणि हिशेब जुळतो. आकडे बोटीगणिक बदलतील, पण काम सुरू करण्याआधी कागदावर हा गुणाकार मांडलाच पाहिजे.

या हिशेबात एक गोष्ट सुटते, ती म्हणजे उंची. स्टर्नड्राइव्हचं इंजिन बोटीच्या तळाशी बसून तिला खाली धरून ठेवत होतं. आउटबोर्डचं वजन मुख्यतः ट्रान्समच्या वरच्या काठापाशी आणि त्याच्याही वर असतं. त्यामुळे बोट आडवी डुलताना वेगळी वागते. रुंद बोटीत हे जाणवत नाही, अरुंद आणि आधीच हलक्या बोटीत जाणवतं.

खरं काम ट्रान्समचं आहे, आणि वेळेचा व पैशाचा मोठा वाटा तिथेच जातो. २०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे १४९ किलोवॉट. पंखा त्यातले ६० टक्के उपयोगात आणतो असं धरलं, तर ३५ नॉटच्या (ताशी सुमारे ६५ किलोमीटर) वेगाला तो बोटीला सुमारे ५००० न्यूटनने, म्हणजे ५०० किलो वजनाइतक्या जोराने, पुढे रेटतो. स्टर्नड्राइव्हमध्ये हा रेटा खाली, भोकाभोवतीच्या रुंद धातूच्या चौकटीतून ट्रान्समवर पसरतो. आउटबोर्ड मात्र वरच्या काठाला धरलेलं असतं आणि पंखा खोल खाली असतो. पंखा पुढे ढकलतो तेव्हा इंजिनाच्या पकडीचा खालचा भाग ट्रान्सममध्ये रुतू पाहतो आणि वरचे बोल्ट मागे उपसले जातात, पहारीने खिळा उचकटावा तसे. बोल्टांच्या दोन ओळींत २० सेंटीमीटर अंतर आणि पंख्याचा आस खालच्या ओळीच्या अर्धा मीटर खाली असेल, तर वरच्या बोल्टांवर १२,५०० न्यूटनची ओढ येते. मूळ रेट्याच्या अडीचपट! इंजिनाचं स्वतःचं वजन आणि लाटेवरून आपटण्याचे धक्के त्यात आणखी भर घालतात.

हा भार जुन्या भिंतीने पेलायचा, आणि जुनी भिंत बहुधा आतून कुजलेली असते. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये प्लायवूडचा गाभा असतो. भोकाची कापलेली कड आणि बोल्टांची छिद्रं वर्षानुवर्षं पाण्यात राहतात, सील ढिलं होतं आणि पाणी तिथून गाभ्यात मुरतं. बाहेरून रंग चकचकीत, आत लाकडाचा लगदा. प्लास्टिकच्या हातोडीने ट्रान्सम इंच-इंच ठोकून पाहावं. सुक्या जागी खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. शंका आली की आतल्या बाजूने छोटी छिद्रं पाडून भुसा हातात घ्यावा. कोरडा, फिकट भुसा आला तर ठीक. काळा, ओलसर, बोटांना चिकटणारा आला तर अख्खा गाभा बदलावा लागतो. यात तडजोड नको.

गाभा चांगला असला तरी भोक बुजवायचं राहतं, आणि ते नुसती फळी ठोकून बुजत नाही. कड तिरकी घासत न्यायची, थराच्या जाडीच्या बारापट लांब. ६ मिलिमीटरच्या थराला ७२ मिलिमीटरचा उतार. मग त्याच जाडीचा नवा गाभा बसवून त्यावर काचेच्या कापडाचे थर इपॉक्सी रेझिनमध्ये चढवायचे. जुन्या, पूर्ण वाळलेल्या फायबरग्लासला इपॉक्सी पॉलिएस्टर रेझिनपेक्षा घट्ट धरते, म्हणून इथे पैसे वाचवू नयेत. शेवटी ट्रान्समपासून तळाच्या लांब तुळयांपर्यंत तिरके आधार द्यायचे, म्हणजे ओढ एकट्या भिंतीवर न राहता सगळ्या सांगाड्यात वाटली जाईल. बोल्टांची छिद्रं आधी मोठी पाडून घट्ट इपॉक्सीने भरावीत आणि त्यातच पुन्हा योग्य मापाची पाडावीत. मग सील पुढे कधी सुटलं तरी पाणी लाकडाला लागत नाही.

आउटबोर्ड थेट ट्रान्समवर घ्यायचं तर सहसा तिचा काठ इंजिनाच्या दांड्याच्या मापाला कापून उतरवावा लागतो. मागून येणाऱ्या लाटेसमोर बोट तेवढी उघडी पडते. ब्रॅकेटमध्ये भिंत पूर्ण उंच राहते, आतली जागा मोकळी होते, आणि पोकळ, हवाबंद ब्रॅकेट उभ्या बोटीला थोडं तरंगबळही देतो. पण तरफ लांबल्याने ट्रान्समवरची ओढ वाढते. खोल समुद्रात जाणाऱ्या बोटीला मी ब्रॅकेटच सुचवेन, लहान आणि हलक्या बोटीला नाही.

बाकीची कामं वेळखाऊ आहेत, अवघड नाहीत. या ताकदीला हायड्रॉलिक सुकाणू हवं. गिअर-थ्रॉटलचा दांडा आणि मीटर नवे लागतात, पेट्रोलच्या नळीवर पाणी वेगळं करणारा फिल्टर हवा. पाणी आणि धुरासाठी पाडलेली जुनी छिद्रं कायमची बुजवायची. किती अश्वशक्तीपर्यंत जायचं हे बोट बांधणाऱ्याला किंवा जाणकार सर्वेक्षकाला विचारावं. विमा कंपनीलाही आधीच कळवावं.

पंखा नव्याने निवडावा लागतो. व्ही-सिक्स स्टर्नड्राइव्ह मिनिटाला ४४०० ते ४८०० फेऱ्यांना पूर्ण ताकद देतं, आउटबोर्ड ५००० ते ६००० ला. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेरीत तो तत्त्वतः जेवढा पुढे सरकेल ते अंतर, एक इंच वाढवला की इंजिनाच्या सुमारे १५० ते २०० फेऱ्या कमी होतात. नेहमीचं वजन भरून, पूर्ण थ्रॉटलवर इंजिन फेऱ्यांच्या या पट्ट्याच्या वरच्या टोकाजवळ पोहोचलं पाहिजे. तिथवर पोहोचलं नाही तर पिच जास्त आहे आणि इंजिन कायम ताणाखाली चालेल.

इंजिन किती उंचीवर बसवायचं हे पाण्यातच ठरतं. ट्रान्सममागे पाणी हळूहळू वर येतं, म्हणून ब्रॅकेटच्या दर ३० सेंटीमीटरला इंजिन सुमारे अडीच सेंटीमीटर वर घेता येतं. बसवायच्या पट्टीवर बहुधा १९ मिलिमीटर अंतराने छिद्रं असतात. एकेक छिद्र वर घेत जावं आणि दर वेळी वेगात वळण घेऊन पाहावं. वळणात पंखा हवा ओढू लागला आणि फेऱ्या एकदम चढल्या की एक छिद्र खाली यावं, आणि बोल्ट तिथे कायमचे आवळावेत.