निकाल आणि परिणाम: जिल्ह्याचं नवोदय ‘चांगलं’ आहे म्हणजे नेमकं काय?

नवोदयला, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, नंबर लागला की गावात फ्लेक्स लागतो. पुढे दहावीचा निकाल आला की जिल्ह्याच्या पानावर बातमी येते आणि ती वाचून आपण म्हणतो, ‘शाळा भारीच!’ या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते: शाळेचा निकाल आणि शाळेचा परिणाम.

निकाल म्हणजे तिथली मुलं कुठवर पोचली ते. तीच मुलं तिथे गेली नसती तर जिथवर पोचली असती, तिथून पुढचं अंतर म्हणजे परिणाम. निकाल गुणपत्रिकेवर छापून येतो. परिणाम कुठेच छापलेला नसतो, कारण एकच पोरगी एकाच वेळी नवोदयमध्ये आणि गावच्या झेडपी शाळेत शिकू शकत नाही.

आता नवोदयची रचना पाहा. १९८६च्या शैक्षणिक धोरणातून ही जिल्हावार योजना उभी राहिली. १९८५-८६मधल्या पहिल्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावतीची, दुसरी हरियाणातल्या झज्जरची. सहावीच्या प्रवेशासाठी दोन तासांची, ८० प्रश्नांची, १०० गुणांची परीक्षा, त्यातले निम्मे गुण बुद्धिमत्ता चाचणीचे. एका शाळेत जास्तीत जास्त ८० मुलं घेतात आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. जिल्हाभरातून चाळून घेतलेली ही मुलं दहावीत चमकली, यात शाळेचा वाटा किती? गाळलेलं पाणी हंड्यात भरायचं आणि पाणी स्वच्छ आहे म्हणून हंड्याचं कौतुक करायचं, त्यातलाच प्रकार.

याचा अर्थ नवोदय काही करत नाही असा अजिबात नाही. राहणं-जेवण, संध्याकाळचा अभ्यास, नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यात पाठवणं, या सगळ्याचा परिणाम होत असणार असं मलाही वाटतं. पण वाटणं म्हणजे मोजणं नव्हे.

मोजायचा एक प्रामाणिक मार्ग आहे आणि तो वेटिंग लिस्टमधून जातो. यादीत शेवटचा नंबर लागलेला मुलगा आणि थोडक्यात हुकलेला मुलगा यांच्यात फरक असतो एखाद्या प्रश्नाचा. हुशारी जवळपास तीच, वाटा मात्र वेगळ्या. काही वर्षांनी या दोघांसारख्या अनेक मुलांत जो फरक दिसेल, तो बऱ्याच अंशी शाळेचा. अमेरिकेत बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या नामांकित सरकारी शाळांचा असा अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. निकाल झगमगीत, पण काठावर आत गेलेल्या आणि काठावर बाहेर राहिलेल्या मुलांच्या पुढच्या गुणांत जवळजवळ फरक नाही!

हे वाचून लगेच नवोदयला नावं ठेवू नका. हुकलेलं मूल जातं कुठे, यावर सगळं अवलंबून असतं. बॉस्टनमध्ये हुकलेल्या मुलाला शहरातलीच दुसरी शाळा मिळते. मेळघाटातल्या मुलीला काय मिळतं, हे वेगळं सांगायला नको. शिवाय ही पद्धत फक्त काठावरच्या मुलांबद्दल बोलते. यादीत पहिल्या आलेल्या मुलीचं काय झालं, याबद्दल ती गप्प असते.

फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीचं उदाहरण तर आणखी डोळे उघडणारं. तिथे बुद्ध्यंक १३० किंवा त्याहून जास्त असलेल्या मुलांसाठी चौथीत वेगळा वर्ग असे. उरलेल्या जागा आदल्या वर्षीच्या परीक्षेत वरचे गुण मिळवणाऱ्या मुलांना दिल्या जात. ज्यांच्या नावाने वर्ग काढला, त्या १३०वाल्यांच्या गुणांत विशेष भर पडली नाही. उरलेल्या जागांवर आलेल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचं गणित आणि वाचन मात्र चांगलंच सुधारलं. नुसता वर्गाचा निकाल पाहिला असता तर हे कधीच दिसलं नसतं. उलट १३०वालेच वर्गाची शान ठरले असते.

आपल्याकडे असा हिशेब मांडायचा तर दोन अडचणी आधीच दिसतात. एक, नवोदयचा कट-ऑफ एकच नसतो. ग्रामीण-शहरी, मुली, प्रवर्ग असे अनेक काठ असतात, म्हणून तुलना त्या त्या यादीतच करावी लागेल. दुसरी जास्त किचकट: नवोदय सीबीएसईचं, तर हुकलेली बहुतेक मुलं राज्य मंडळाची. दोन्हींचे दहावीचे टक्के शेजारी ठेवून काहीच कळत नाही. दोघांना सामाईक अशी परीक्षा बारावीनंतर येते, सीईटी, नीट किंवा जेईई. त्यातही फक्त परीक्षेला बसलेल्यांची सरासरी काढून चालणार नाही. अकरावीआधीच शाळा सुटलेला, लग्न होऊन गेलेली, परीक्षेचा फॉर्मच न भरलेला, ही सगळी मुलं हिशेबात धरावी लागतील. कदाचित नवोदयचा सगळ्यात मोठा परिणाम गुणांत नाही, तिथेच सापडेल.