ऑझी स्मिथ

स्मिथ, ऑझी : (२६ डिसेंबर १९५४ – ). अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलपटू. पूर्ण नाव ऑझबर्न अर्ल स्मिथ. जन्म अलाबामा राज्यातील मोबील येथे. १९७८ ते १९९६ या एकोणीस हंगामांत ते प्रथम सॅन डिएगो पाद्रेस आणि नंतर सेंट लुइस कार्डिनल्स या संघांकडून शॉर्टस्टॉप या जागेवर खेळले. बेसबॉलपटूची थोरवी सहसा त्याच्या बॅटवरून ठरते. स्मिथ यांनी संपूर्ण कारकिर्दीत अवघे २८ होमरन (चेंडू मैदानाच्या कुंपणापलीकडे पाठवणारे टोले) मारले, म्हणजे एखादा तगडा फलंदाज एकाच हंगामात मारतो तेवढे. तरीही ते पहिल्याच मतदानात हॉल ऑफ फेममध्ये (थोर बेसबॉलपटूंच्या सन्मानदालनात) निवडले गेले, ते मुख्यतः त्यांच्या क्षेत्ररक्षणाच्या बळावर.

धाव पूर्ण करण्यासाठी फलंदाजाला क्रमाने जे टप्पे गाठावे लागतात त्यांना बेस म्हणतात. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधोमध, थोडा मागे उभा राहतो. बहुसंख्य फलंदाज उजव्या हाताने खेळत असल्यामुळे जमिनीलगत टोलवलेले चेंडू याच बाजूला सर्वांत जास्त येतात. क्रिकेटमध्ये पॉइंटच्या क्षेत्ररक्षकाने चौकार अडवला तरी त्याचे काम झाले असे मानता येते. शॉर्टस्टॉपला मात्र चेंडू नुसता अडवून भागत नाही. फलंदाज चेंडू टोलवून ९० फुटांवरील पहिल्या बेसकडे धावत सुटतो आणि तिथे पोचायला त्याला जेमतेम चार-साडेचार सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत चेंडूपर्यंत पोचणे, तो डाव्या हातातील ग्लव्हमध्ये घेणे, उजव्या हातात आणणे आणि मैदान ओलांडून अचूक फेकणे, एवढे सगळे उरकावे लागते. अशा फेकीमुळे गडी बाद झाला की क्षेत्ररक्षकाच्या नावावर ‘असिस्ट’ नोंदवला जातो, आणि स्मिथ यांचे मोठेपण आकड्यांत पाहायचे तर प्रथम याच रकान्याकडे पाहावे लागते.

स्मिथ सहा वर्षांचे असताना त्यांचे कुटुंब लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात राहायला गेले. १९६५ साली तिथे दंगल उसळली, तेव्हा गोळीबाराच्या भीतीने घरातली माणसे जमिनीवर झोपत. लहानपणी ते घराच्या छपरावरून चेंडू पलीकडे फेकत आणि तो खाली पडण्याआधी वळसा घालून झेलण्यासाठी धावत. लॉक हायस्कूलच्या संघात एडी मरे हा पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेला खेळाडू त्यांचा सहकारी होता. व्यावसायिक संघांच्या निवडकर्त्यांचे लक्ष मरेकडे गेले, किरकोळ अंगयष्टीच्या स्मिथकडे नाही. पुढे सॅन लुइस ओबिस्पो येथील कॅल पॉली या विद्यापीठात शिकत असताना त्यांनी दोन्ही हातांनी फलंदाजी करण्याचे तंत्र आत्मसात केले. १९७६ मध्ये डेट्रॉइट टायगर्सने त्यांची निवड केली, परंतु मानधनावर एकमत न झाल्याने त्यांनी करार नाकारला. पुढच्या वर्षी पाद्रेसने त्यांना ५,००० डॉलरवर घेतले आणि वॉला वॉला येथील कनिष्ठ संघात एकच हंगाम काढून ते थेट मुख्य संघात दाखल झाले.

२० एप्रिल १९७८ रोजी, पदार्पणाला दोन आठवडेही झालेले नसताना, अटलांटा ब्रेव्ह्जविरुद्ध त्यांनी गडी बाद केला तो प्रसंग आजही दाखवला जातो. जेफ बरोज याने टोलवलेला चेंडू दुसऱ्या बेसच्या मागून निसटून जाणार असे दिसत होते. स्मिथ यांनी डावीकडे सूर मारला. तेवढ्यात चेंडूने टप्पा खाऊन दिशा बदलली आणि तो त्यांच्या मागच्या बाजूला उसळला. शरीर हवेत डावीकडे जात असतानाच त्यांनी उजवा, उघडा हात मागे टाकून चेंडू पकडला, जमिनीवर आपटताच उठले आणि पहिल्या बेसकडे फेकून बरोजला बाद केले. दिशा बदललेल्या चेंडूकडे विचार करून हात जात नाही. छपराभोवती धावणाऱ्या मुलाची ती वर्षानुवर्षांची सवय त्या क्षणी कामी आली, असे म्हणणे वावगे ठरू नये.

१९८० मध्ये त्यांनी ६२१ असिस्ट नोंदवून ग्लेन राइटचा १९२४ पासूनचा ६०१ असिस्टचा विक्रम मोडला आणि उत्कृष्ट क्षेत्ररक्षणासाठी दिला जाणारा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार प्रथमच मिळवला. तेव्हापासून १९९२ पर्यंत सलग तेरा वर्षे हा पुरस्कार त्यांच्याकडेच राहिला. फलंदाजी मात्र दुबळी होती. १९७९ मध्ये त्यांची सरासरी, म्हणजे फलंदाजीच्या संधींपैकी यशस्वी टोल्यांचे (हिट) प्रमाण, ०.२११ इतकी खाली आली होती. वेतनावरून पाद्रेसशी वाद वाढत गेला आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये गॅरी टेम्पलटनच्या बदल्यात ते कार्डिनल्सकडे गेले. बदलीला नकार देण्याची तरतूद त्यांच्या करारात होती, म्हणून कार्डिनल्सचे व्यवस्थापक व्हाइटी हर्झॉग यांनी स्वतः सॅन डिएगोला जाऊन त्यांचे मन वळवले. टेम्पलटन हा अधिक चांगला फलंदाज मानला जात होता. हर्झॉग यांचा हिशेब निराळा होता : कार्डिनल्सच्या तेव्हाच्या, कृत्रिम हिरवळीच्या बुश स्टेडियममध्ये चेंडू वेगाने सरपटत असे, तेव्हा धावा काढणाऱ्याइतकाच धावा अडवणाराही मोलाचा. त्याच वर्षी कार्डिनल्सने मिलवॉकी ब्रुअर्सला सात सामन्यांत हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम विजेतेपदाची मालिका, जिंकली.

जुलै १९८५ मध्ये पहिल्या बेसकडे सूर मारून परतताना त्यांच्या उजव्या, म्हणजे फेकीच्या खांद्याचा स्नायू दुखावला. शस्त्रक्रिया टाळून त्यांनी व्यायामाने खांदा सावरला आणि फेकीची पद्धत बदलून घेतली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला वर्ल्ड सिरीजआधीच्या नॅशनल लीग विजेतेपदाच्या मालिकेत, लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्धच्या पाचव्या सामन्यात, २–२ अशी बरोबरी असताना, नवव्या डावात त्यांनी टॉम नीडेनफ्युअरच्या चेंडूवर होमरन मारून सामना जिंकून दिला. डाव्या हाताने खेळताना सुमारे तीन हजार वेळा फलंदाजी करूनही तोवर त्यांचा एकही होमरन झालेला नव्हता. १९८५ आणि १९८७ या दोन्ही वर्षी कार्डिनल्सने वर्ल्ड सिरीज गाठली, पण सातव्या सामन्यात हार पत्करली. १९८७ हा फलंदाज म्हणून त्यांचा सर्वोत्तम हंगाम ठरला : सरासरी ०.३०३, चोरलेले बेस (चेंडू टोलवला गेलेला नसताना धावून गाठलेला पुढचा बेस) ४३, एकही होमरन नाही, आणि सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात आंद्रे डॉसनच्या पाठोपाठ दुसरे स्थान. दुबळा फलंदाज हा शिक्का त्यांनी मेहनतीने पुसला, याची नोंद घेतलीच पाहिजे.

हंगामाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी मैदानात उतरताना ते मागे कोलांटी मारत. १९७८ मध्ये सुरू झालेली ही प्रथा प्रेक्षकांना अतिशय प्रिय होती. १९९६ मध्ये नवे व्यवस्थापक टोनी ला रुसा यांनी शॉर्टस्टॉपची जागा मुख्यतः रॉइस क्लेटनकडे दिली. स्मिथ यांना हे रुचले नाही आणि जूनमध्ये त्यांनी हंगामाअखेर निवृत्त होण्याची घोषणा केली. २,५७३ सामने, २,४६० हिट, ५८० चोरलेले बेस, ऑल-स्टार (हंगामातील निवडक खेळाडूंच्या) संघात १५ वेळा निवड आणि ८,३७५ असिस्ट ही त्यांची अखेरची आकडेवारी असून यांतील असिस्ट हा शॉर्टस्टॉपसाठीचा विक्रम आहे. डबल प्लेचा (एकाच चेंडूवर दोन गडी बाद करण्याचा) त्यांचा विक्रम पुढे ओमार विझकेलने मोडला. २००२ मध्ये ९१.७ टक्के मते मिळवून ते हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाले. कार्डिनल्सने त्यांचा १ हा क्रमांक कायमचा राखून ठेवला आहे. बुश स्टेडियमबाहेर शिल्पकार हॅरी वेबर यांनी घडवलेला त्यांचा ब्राँझचा पुतळा आहे. त्यात ते जमिनीला समांतर झेपावलेले असून ग्लव्ह चेंडूच्या दिशेने पुढे ताणलेला आहे.