फुकटच्या खाटेसाठी केलेले कामही कामच

ऑस्ट्रेलियात पर्यटक व्हिसावर हॉस्टेलमध्ये सकाळी चादरी बदलून त्या बदल्यात फुकट खाट मिळवली, तर पगार नसल्याने ती नोकरी ठरत नाही, असा समज भटक्या मंडळींत वर्षानुवर्षे पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. पर्यटक व्हिसाला सहसा जोडलेली ८१०१ क्रमांकाची अट काम करण्यास मनाई करते, आणि तेथील नियमांनुसार ज्यासाठी एरवी मोबदला दिला जातो अशी कोणतीही कृती म्हणजे काम. मग हातात पैसे पडोत वा गादी. रीतसर मार्ग २०२४पासून भारतीयांनाही खुला आहे : १८ ते ३० वर्षांच्या अर्जदारांसाठी ४६२ क्रमांकाचा व्हिसा, वर्षाला १,००० जागा आणि निवड सोडतीने (म्हाडाच्या सोडतीला सरावलेल्यांना हे नवे नाही). त्यावर बारा महिने राहता येते, मात्र एका मालकाकडे साधारणपणे सहाच महिने काम करता येते.