लोकसभेतील टक्का आणि महापालिकेतील टक्का : एकाच नावाची दोन मापे

कोल्हापुरात महापालिकेच्या आरक्षणाची सोडत निघाली की ‘आता निम्म्या जागा बायकांच्याच’ हे वाक्य हमखास ऐकू येते, आणि लोकसभेचा निकाल लागला की ‘महिलांचा टक्का अजून पंधरासुद्धा नाही’ हे दुसरे. दोन्ही वाक्ये खरी आहेत. घोटाळा होतो तो दोन्हींना ‘राजकारणातील महिलांचे प्रमाण’ असे एकच नाव देऊन ती एकमेकांसमोर उभी केली जातात तेव्हा. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील ५.५.१ या निर्देशकाचे म्हणूनच दोन भाग वेगळे वाचावे लागतात : ‘अ’ भागात राष्ट्रीय संसदेतील महिलांच्या जागा मोजतात, तर ‘ब’ भागात स्थानिक शासन संस्थांतील. पहिली आकडेवारी आंतर-संसदीय संघ जमवतो, दुसरी यूएन विमेन ही संस्था.

‘अ’ भाग समजायला सोपा आहे. सभागृह एक, निवडणूक एक, जागा ठरलेल्या. २०२४ मध्ये लोकसभेच्या ५४३ जागांवर ७४ महिला निवडून आल्या, म्हणजे १३.६ टक्के, २०१९ मध्ये त्या ७८ होत्या. महाराष्ट्राच्या ४८ खासदारांत महिला ७. या निवडणुकांत महिलांसाठी एकही जागा राखीव नव्हती, त्यामुळे या टक्क्यात पक्षांनी उमेदवारी कोणाला दिली आणि मतदारांनी कोणाला निवडले, एवढेच उतरते.

‘ब’ भागाची गोष्ट वेगळी. देशातील पंचायत राज संस्थांत सुमारे ३१ लाख लोकप्रतिनिधी असून त्यांत साडेचौदा लाखांच्या आसपास, म्हणजे साधारण ४६ टक्के, महिला आहेत. हा आकडा मुख्यतः कायद्याने घडवलेला आहे. १९९३ पासून अमलात आलेल्या ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्त्यांनी स्थानिक संस्थांत किमान एक तृतीयांश जागा महिलांना दिल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेले. कोल्हापूर महापालिकेच्या ८१ जागांपैकी निम्म्या म्हणजे साडेचाळीस; अर्धी नगरसेविका निवडता येत नसल्याने राखीव जागा ४१ होतात. मग सभागृहात ५१ टक्के महिला दिसल्या, तर त्यावरून कायदा पाळला गेला एवढेच कळते. कोल्हापूरकरांचे मत कळायचे असेल, तर उरलेल्या ४० जागांकडे पाहावे लागते : तिथे किती महिला उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या किती निवडून आल्या? हा हिशेब टक्क्यात दिसत नाही, आणि माझ्या मते खरा निर्देशक तोच आहे.

त्याच टक्क्यात आणखी एक गोष्ट झाकली जाते. सोडतीमुळे राखीव जागा बदलत राहतात. आज ‘सर्वसाधारण महिला’ असलेली जागा पुढच्या वेळी खुली झाली की तिथली उमेदवारी बऱ्याचदा घरातल्या पुरुषाकडे परत जाते. एकूण संख्या तीच राहते, पण अनुभव घेतलेली नगरसेविका घरी बसते आणि शेजारच्या प्रभागात दुसरी नवखी येते. सही एकीची आणि कारभार भलत्याचा, हा ‘सरपंचपती’चा प्रकारही निर्देशकाला दिसत नाही, त्याला फक्त खुर्चीवरचे नाव मोजता येते.

शिवाय मोजायला सभागृह असावे लागते. कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होते. जिल्हा परिषदेवरही मार्च २०२२ पासून प्रशासक आले. त्या काळात शहरात महिलांचे प्रमाण शून्य होते असे म्हणणे चूक आणि निम्मे होते असे म्हणणेही चूक, कारण भागायला छेदच नव्हता. लोकसभेच्या बाबतीत असा प्रश्न सहसा येत नाही.

दोन्ही भागांच्या मधल्या फटीत विधानसभा पडते. ती राष्ट्रीय संसद नाही आणि स्थानिक संस्थाही नाही, म्हणून ५.५.१ मध्ये तिची मोजदादच होत नाही. २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातून निवडून आलेल्या दहा आमदारांत एकही महिला नाही. ज्या शहरात ताराराणींच्या नावाने चौक आहे आणि महापालिकेच्या राजकारणात आघाडीही झाली, त्या शहराच्या जिल्ह्याचे हे शून्य कोणत्याच जागतिक तक्त्यात उमटत नाही.

दोन्ही टक्क्यांची सरासरी काढून ‘भारतात तीस टक्के’ असे लिहिण्याचा मोहही टाळावा. साधी सरासरी घेतली तर ५४३ जागांना ३१ लाख जागांइतके वजन मिळते. जागांनुसार वजन दिले तर लोकसभा त्या समुद्रात दिसेनाशी होते.

२०२३ च्या १०६व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांतही एक तृतीयांश जागा महिलांना ठेवल्या, मात्र अंमलबजावणी जनगणना आणि त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडली. ती झाली की ‘अ’ भागाचा अर्थही बदलेल. तोही काही अंशी कायद्याचा आकडा होईल आणि २०२४ च्या १३.६ शी त्याची सरळ तुलना करता येणार नाही. निवेदिता माने १९९९ आणि २००४ मध्ये तेव्हाच्या इचलकरंजी मतदारसंघातून लोकसभेवर गेल्या, त्या कोणत्याही आरक्षणाशिवाय. उद्या कोल्हापूर आणि हातकणंगले यांपैकी एक मतदारसंघ राखीव झाला, तर पाहायचे ते दुसऱ्या, खुल्या मतदारसंघात कोणता पक्ष महिलेला तिकीट देतो ते.