पार्श्वभूमी : किती जुनं झालं की कार्ड ‘विंटेज’?

यंदाच्या फेब्रुवारीत ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका संग्राहकाच्या घरी जुनी व्हॅलेंटाइन कार्डं मांडली होती. बघायला आलेली माणसं तीसेक, पण वाद पेटला तो एका पाटीवरून. पहिल्या टेबलावर राणी व्हिक्टोरियाच्या काळातली जाळीदार कागदाची कार्डं आणि ‘अँटिक’ ही पाटी. त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. दुसऱ्या टेबलावर ‘विंटेज’ची पाटी, आणि तिथे १९९४-९५ च्या सुमारास राम मारुती रोडवरच्या गिफ्टच्या दुकानांत मिळायची ती गुलाबी, चमकी लावलेली कार्डं. हे विंटेज असेल तर आम्हाला कुठल्या टेबलावर बसवणार, असं एका काकांनी विचारलं. चहा दोनदा झाला, पाटी मात्र हलली नाही.

इंग्रजीतलं सर्वांत जुनं ज्ञात व्हॅलेंटाइन पत्र १४७७ चं, नॉर्फकमधल्या एका तरुणीने होणाऱ्या नवऱ्याला लिहिलेलं. ते लंडनच्या ग्रंथालयात आहे, तेव्हा त्याचा विचार सोडून द्यावा. संग्राहकाच्या कामाचा इतिहास १८४० पासूनचा. त्या वर्षी ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं आणि कार्डांचा धंदा फुलला. त्याबरोबरच टोमणे मारणारी, स्वस्त छपाईची ‘व्हिनेगर व्हॅलेंटाइन’ही फोफावली. ती बिननावाने पाठवायची. आज त्यातली फार थोडी सापडतात, कारण आपला अपमान कोण जपून ठेवणार? अमेरिकेत १८४७ साली वुस्टर गावातल्या एका स्टेशनरीवाल्याच्या मुलीने इंग्लंडहून आलेलं कार्ड पाहिलं आणि तशी स्वतःच करून विकायला काढली. मैत्रिणी टेबलाभोवती बसायच्या, एक कापणार, दुसरी चिकटवणार, आपल्याकडे पापड लाटायला बसतात तसं. पाठीवर बारीक लाल ‘एच’ असलेलं तिचं कार्ड आजही जास्त भाव खातं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाजार जर्मनीच्या हाती गेला. दगडावरून अनेक रंगांत छापलेली चित्रं, साच्याने कापलेली फुलं-बाळं, उघडताच मधमाश्यांच्या पोळ्यासारखा फुलणारा पातळ कागद. इथे ठाण्या-मुंबईकडच्या माणसाला एक आयती सोय आहे. ज्याने लोणावळ्याजवळच्या मळवलीतल्या रविवर्मा छापखान्यातली देवादिकांची जुनी चित्रं भिंगाखाली पाहिली असतील, त्याला हे तंत्र ओळखीचं वाटतं, कारण तिथली यंत्रं आणि कारागीरही जर्मनीहूनच आले होते. खऱ्या शिळाछपाईत ठिपके वेडेवाकडे, दाणेदार दिसतात. ऑफसेटवर काढलेल्या नकलेत ते रांगोळीच्या ठिपक्यांसारखे शिस्तीत बसलेले असतात. दुसरी खूण म्हणजे देशाचं नाव. ब्रिटनच्या १८८७ च्या आणि अमेरिकेच्या १८९० च्या कायद्यांमुळे आयात मालावर ते छापणं भाग पडलं. ‘जर्मनी’ असा शिक्का असलेलं कार्ड १८६० चं म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर हसून पुढे जावं.

आता त्या पाटीकडे. ‘अँटिक’ला निदान कायद्याचा आधार आहे. पुरावशेषांविषयीचा आपला १९७२ चा केंद्रीय कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला आणि त्यात शंभर वर्षांची अट आहे. पण त्याच व्याख्येत पुढे हस्तलिखितं, अभिलेख आणि इतर दस्तऐवज यांना ७५ वर्षंच पुरतात, फक्त त्यांना वैज्ञानिक, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यदृष्ट्या मूल्य हवं. मग १९४० साली आत शाईने चार ओळी लिहिलेलं कार्ड ही कलाकुसरीची वस्तू की दस्तऐवज? वस्तू म्हटलं तर २०४० पर्यंत थांबा, दस्तऐवज म्हटलं तर ते २०१५ मध्येच पात्र ठरलं. हा कीस काढायचं कारण आहे. पुरावशेष ठरलेली वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणजे परदेशी संग्राहकाशी अदलाबदल बंद. कस्टमच्या दरसूचीत तर शंभर वर्षांवरच्या पुराणवस्तू ९७०६ क्रमांकाखाली आणि छापील शुभेच्छापत्रं ४९०९ खाली. एकच कार्ड, दोन घरं.

‘विंटेज’चं गोत्र मात्र कुणालाच सांगता येत नाही. शब्द मूळचा द्राक्षांच्या हंगामाचा, तिथून तो वाइनच्या बाटलीवर आला आणि पुढे मोटारींना चिकटला. आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हटलं. हस्तकलेच्या वस्तू विकणारं एक मोठं परदेशी संकेतस्थळ वीस वर्षांत समाधान मानतं. आणि आमचा भंगारवाला गेल्या दशकातल्या मिक्सरलाही ‘अँटिक पीस’ म्हणतो. पन्नासचा नियम लावला तर ठाणे-नवी मुंबईत इथलं म्हणून जमवण्यासारखं फारसं काही उरतच नाही. म्हणून वीसची रेघ मला पटते, आणि पाटी राहावी म्हणणाऱ्यांत मीही होतो हे लपवत नाही.

कारण इथे हे कार्ड सर्रास झालं ते १९९१ नंतर. केबल आली, कॉलेजच्या पोरांच्या हातात थोडे पैसे आले, आणि गोखले रोडपासून वाशीच्या सेक्टर १७ पर्यंत दुकानांत जानेवारीअखेर लाल रंग दिसू लागला. उघडलं की वाजणारं कार्ड, अत्तर मारलेलं कार्ड, गुडघाभर उंचीचं कार्ड. मग विरोध सुरू झाला. मुंबई परिसरात दुकानांच्या काचा फुटल्या, कार्डांची होळी झाली. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराने त्या दिवसांत न खपलेला गठ्ठा माळ्यावर टाकला तो तसाच राहिला. नौपाड्यातल्या टेबलावरची निम्मी कार्डं त्याच गठ्ठ्यातली. पुढे एसएमएस आले, आणि दुकानाच्या जागी कुर्त्यांचं दुकान आलं.

या कार्डांचं साल ओळखायचं तर चित्र सोडा, पाठ बघा. किमतीपुढे रुपयाचं नवं चिन्ह असेल तर छपाई जुलै २०१० नंतरची. प्रकाशकाच्या पत्त्यात ‘बॉम्बे’ असेल तर बहुधा १९९५ च्या आधीची. पिनकोड नसेल तर ऑगस्ट १९७२ च्याही मागे शक्यता जाते, पण तसं कार्ड मी ठाण्यात अजून पाहिलेलं नाही. वाजणाऱ्या कार्डातली बटण-बॅटरी आधी काढायची, ती गळली की कागद खाते. लग्नाच्या फोटोंच्या चिकट पानांच्या अल्बमात कार्ड लावू नये आणि लॅमिनेशन तर नकोच. पावसाळ्यात तांबूस ठिपके येतात, कसर लागते. खाडीकाठच्या हवेत कपाट आठवड्यातून एकदा उघडावंच लागतं.

दोन टेबलांत एक फरक मात्र काकांनीही मान्य केला. पहिल्या टेबलावर ज्यांची नावं होती ती माणसं केव्हाच गेली. दुसऱ्या टेबलावर गठ्ठ्यातल्या कोऱ्या कार्डांबरोबर रद्दीतून आलेलीही होती, आणि त्यांतली माणसं आज पन्नाशीत, कदाचित दोन गल्ल्या सोडून राहत असतील. म्हणून ती कार्डं मिटलेलीच मांडली होती.