दुखरा खांदा: मशीन, मालिश, इंजेक्शन की व्यायाम?

“मशीन कधी लावणार?” खांदा दुखतो म्हणून आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणाऱ्या बहुतेकांचा हा पहिला प्रश्न असतो. कुणाच्या शेजारणीला दहा दिवस शेक घेऊन बरं वाटलेलं असतं, कुणाला नातेवाइकांनी शॉकवेव्हचं, म्हणजे दुखऱ्या जागी जोरदार ध्वनिलहरींचे ठोके देणाऱ्या मशीनचं, नाव सांगितलेलं असतं. तीन महिन्यांहून जास्त दुखणाऱ्या खांद्यावर कोणत्या उपचाराचा कितपत उपयोग होतो, हे पैसे भरण्याआधी तुम्हाला कळावं, म्हणून हे पत्रक.

आधी खांदा ओळखू या

घरीच एक करून पाहा. दुखरा हात सैल सोडा आणि दुसऱ्या हाताने धरून हळूहळू वर न्या. असा तो बऱ्यापैकी वर जातो, पण आपला आपण उचलायला गेलं की खांद्याच्या उंचीला कळ येते. वरच्या फळीवरचा डबा काढवत नाही, त्या कुशीवर झोपवत नाही. असं असेल तर दुखणं बहुधा रोटेटर कफचं असतं. खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे हे चार स्नायू आणि त्यांचे टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे चिवट दोर.

मदत करूनही हात अडतो, कोपर अंगाला टेकवून पंजा बाहेर फिरवता येत नाही, वेणी घालणं किंवा पाठीमागचा हुक लावणं बंद झालं आहे, तर फ्रोजन शोल्डरची शंका येते. यात सांध्याभोवतीची पिशवी जाड होऊन आकसते. चाळिशी ते साठीत हे जास्त दिसतं, बायकांमध्ये अधिक आणि मधुमेह असणाऱ्यांमध्ये तर खूपच. सांधा झिजला असला तरी हात असाच अडतो, म्हणून अशा वेळी आम्ही एक्स-रे पाहायला मागतो.

एमआरआयमध्ये ‘पार्शियल टेअर’ (टेंडनला अर्धवट चीर) वाचून घाबरू नका. उतारवयात, खांदा अजिबात न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही अशा चिरा सापडतात. आम्ही रिपोर्ट बघतो, पण उपचार ठरवतो तुमचा हात तपासून.

व्यायाम

रोटेटर कफच्या दुखण्यावर आमचा सगळ्यात जास्त भरवसा व्यायामावर आहे. टेंडनला झेपेल इतका भार देत तो हळूहळू वाढवायचा, एवढंच त्यामागचं तत्त्व. सुरुवातीला अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली पुरते, पुढे रबरी पट्टा. व्यायाम करताना दहापैकी चार-पाच इतकं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते पूर्वीइतकं उतरलं, तर चालेल. सकाळीही ठणकत असेल तर भार कमी करायचा, व्यायाम सोडायचा नाही. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देणारे आम्ही अनेक पाहिले आहेत, आणि दर वेळी वाईट वाटतं.

त्यासाठी रोज केंद्रात यायला हवं का? ब्रिटनमधल्या ‘ग्रास्प’ या चाचणीत ७०८ रुग्ण होते. काहींना फिजिओथेरपिस्टबरोबर सहापर्यंत बैठका दिल्या, काहींना एकाच बैठकीत नीट समजावून घरचे व्यायाम दिले. वर्षभरानंतर दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. हा निष्कर्ष २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. वीस बैठकांचं पॅकेज आम्ही विकत नाही, त्याचं कारण हेच. पहिली भेट तासाभराची, मग दोन-तीन आठवड्यांनी तपासणी आणि भारात बदल.

फ्रोजन शोल्डरचं गणित निराळं. पहिल्या, रात्री झोप उडवणाऱ्या टप्प्यात खांदा जोर लावून ताणणं आम्हाला पटत नाही. नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांचा एक छोटा अभ्यास झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. दुखण्याच्या मर्यादेत हात हलवत राहिलेल्यांपैकी ८९ टक्के लोकांचा खांदा दोन वर्षांत जवळपास पूर्ववत झाला. जोरदार ताण दिलेल्यांत हे प्रमाण ६३ टक्के होतं. म्हणून त्या टप्प्यात पुढे वाकून हात लंबकासारखा झुलवणं, भिंतीवर बोटांनी चढणं, इतकंच. दुखणं ओसरून नुसता आखडलेपणा उरला की काठी आणि पंचा घेऊन ताणाचे व्यायाम वाढवतो. हे दुखणं पूर्ण निवळायला एक ते तीन वर्षंही लागतात, हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो.

मशीन, मालिश, टेप

अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचं मशीन), आयएफटी आणि टेन्स (सौम्य विजेची मशीन) आमच्याकडे आहेत. त्यांनी काही तास आराम पडू शकतो, त्या आरामात व्यायाम करवत असेल तर वापरतो. नुसतं मशीन लावून घरी पाठवणं आम्ही करत नाही. रोटेटर कफवर शॉकवेव्हचा नावापुरताच फायदा होतो, असं २०२० च्या कॉक्रन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) दिसलं, म्हणून ते महागडं मशीन घेतलंच नाही. हाताने सांधा सैल करणं आणि टेप (त्वचेवर लावायची चिकटपट्टी) हे व्यायामाच्या जोडीला ठीक. शेक घ्यायचा तर व्यायामाआधी दहा-पंधरा मिनिटं, चटका न बसेल असा.

इंजेक्शन आणि ऑपरेशन

फ्रोजन शोल्डरच्या दुखऱ्या टप्प्यात सांध्यात दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन पहिले काही आठवडे नुसत्या फिजिओथेरपीपेक्षा जास्त आराम देतं. हे सांगताना आम्हाला संकोच वाटत नाही. गरज दिसली तर आम्हीच अस्थिरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी देतो. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते, तेव्हा घरी तपासत राहा. ऑपरेशनबद्दल: ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या ‘फ्रॉस्ट’ चाचणीत (२०२०) इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा मोकळा करणं आणि दुर्बिणीचं ऑपरेशन, यांपैकी वर्षाअखेरीस कुठलाच उपचार ठळकपणे सरस ठरला नाही. फिजिओथेरपीवाल्यांपैकी काहींना पुढे आणखी उपचार लागले, तर गंभीर गुंतागुंत मुख्यतः ऑपरेशनच्या गटात दिसली.

आमच्याकडे न येता थेट डॉक्टरांकडे जा

खांदा दुखताना छाती दाटली, घाम फुटला किंवा दम लागला तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. पडल्यावर हात उचलताच येत नसेल, खांदा लाल-गरम होऊन ताप असेल, वजन कारणाशिवाय उतरत असेल किंवा पूर्वी कर्करोग झाला असेल, तरी आधी डॉक्टर.

पहिल्या भेटीला येताना

जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी आणि मधुमेह असल्यास अलीकडची साखर घेऊन या. खांदा मोकळा राहील असा सैल कपडा घाला. आणि कोणतं एक काम तुम्हाला पुन्हा करता यायला हवं आहे, ते ठरवून या: वेणी, फळीवरचा डबा, लोकलमधली कडी, नातवाला उचलणं. तेच आम्ही कागदावर पहिलं लिहितो.