पार्श्वभूमी : विद्यापीठाचं पॉवर हाऊस आणि वाफेची भुयारं

एमएससाठी अमेरिकेला गेलेली मराठवाड्यातली मुलं तिथल्या विद्यापीठाचं पॉवर हाऊस आणि वाफेची भुयारं बघून आली की घरी फोटो पाठवतात. लातूर-नांदेडच्या घरात लगेच प्रश्न निघतो : कॉलेजला स्वतःचं वीज केंद्र कशाला?

कारण थंडी. एकोणिसाव्या शतकात तिथे इमारतीगणिक वेगळ्या शेगड्या किंवा वेगळा बॉयलर असे. रोज कोळसा वाहा, राख उपसा, वर आगीची धास्ती. 1877 साली बर्डसिल हॉलीने न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्ट गावात एकाच बॉयलरची वाफ जमिनीखालच्या नळांतून अनेक घरांत पोचवली. विद्यापीठांना ही रीत फार मानवली, कारण इमारती पुष्कळ आणि मालक एक. मिशिगन विद्यापीठाचं केंद्र 1914 चं. ते आजही चालतं, फक्त आता नैसर्गिक वायूवर.

यातली खरी हुशारी मात्र वाफ दोनदा वापरण्यात आहे. हे आपल्याला नवं नाही. दसऱ्याच्या सुमारास साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपन होतं, गाळप सुरू झालं की बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून वाफ करतात, ती विजेसाठी टर्बाइन फिरवते आणि दाब उतरलेल्या त्याच वाफेवर उसाचा रस आटतो. तिकडे रसाच्या जागी वर्ग, वसतिगृहं आणि प्रयोगशाळा.

भुयारात माणूस चालू शकेल एवढी जागा ठेवतात, म्हणजे वर बर्फ असला तरी दुरुस्ती अडत नाही. जाड आवरणातला वाफेचा नळ, शेजारी थंड झालेलं पाणी बॉयलरकडे परत नेणारा बारीक नळ आणि विजेच्या केबल. 100 मीटरचा पोलादी नळ 150 अंशांनी तापला की सुमारे 18 सेंटिमीटर लांबतो, म्हणून ठरावीक अंतरावर त्याला मुद्दाम मोठं वळण देतात. नळात पाणी साचलं तर वाफ ते जोरात ढकलत नेऊन वळणावर आपटते आणि नळ फुटूही शकतो. ते पाणी काढायला जागोजागी स्टीम ट्रॅप असतात.

परळीच्या औष्णिक केंद्रात मात्र वापरलेल्या वाफेची उष्णता कूलिंग टॉवरमधून हवेत जाते, आणि त्यापायी पाणीही खूप लागतं. पाणीटंचाईमुळे ते केंद्र 2013 आणि 2015 मध्ये बंद ठेवावं लागलं होतं. आपल्याकडे उष्णतेला गिऱ्हाईक नाही, हे म्हणणं मला पटत नाही. वाफेवर चालणारे ॲब्सॉर्प्शन चिलर थंड पाणी बनवतात, अमेरिकेतली कित्येक विद्यापीठं उन्हाळ्यात त्यांवरच इमारती गार ठेवतात. मे महिन्यात आपल्या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांना तेच हवं आहे. जवळच्या कारखान्याची वाफ त्यासाठी घ्यायची तर आधी बगॅसचा साठा लागेल, कारण ऊन तापेपर्यंत गाळप बहुतेक आटोपलेलं असतं.